दीक्षेनंतरच्या अभ्यासाविषयी मंडळीच्या नेतृत्वास खुले पत्र

प्रति,
सर्व बिशप, धर्मगुरू, पाळक, वडील, डीकन आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांचे सभासद यांस,

प्रभूमध्ये सलाम.

पाळकाने दीक्षेनंतर, म्हणजे पाळकपदावर विधिपूर्वक नेमणूक झाल्यानंतर, केलेला अभ्यास ही त्याची खासगी हौस समजली जाऊ नये, तो सेवेचा भाग मानला जावा, त्यासाठी वेळ आणि पैसा राखून ठेवला जावा, आणि पुढाऱ्यांनी आपले शिकणे मंडळीच्या डोळ्यांसमोर चालू ठेवावे, एवढीच मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी साधी दिसते. पण सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयातून, बाहेर पडताना बांधलेली वहीच पुढची तीस वर्षे पुरवून वापरणारे नेतृत्व आपल्यात किती सर्रास आढळते, आणि त्याबद्दल कोणालाच काही वावगे कसे वाटत नाही, हे पाहिले की ती जाहीरपणे मांडावीशी वाटते.

मागणी नवीन नाही, हे आधीच नोंदवतो. १६६२च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील दीक्षाविधीत बिशप उमेदवाराला सर्वांसमक्ष विचारतो की प्रार्थनेत, पवित्र शास्त्राच्या वाचनात आणि त्या शास्त्राचे ज्ञान वाढवणाऱ्या अभ्यासात तू तत्पर राहशील काय, आणि उमेदवार होकार देतो. रोमन कॅथॉलिक चर्चच्या १९८३च्या धर्मविधान संहितेतील २७९वे कलम सांगते की धर्मगुरूंनी दीक्षेनंतरही धर्मशास्त्राचा अभ्यास चालू ठेवावा, आणि इतर ज्ञानशाखा, विशेषतः धर्मशास्त्राशी संबंध असलेल्या, पाळकीय सेवेला उपयोगी पडतील तितक्या आत्मसात कराव्यात. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली तर याबाबतीत फारच कडक होते: प्रचारकांनी दिवसाचे निदान पाच तास उपयुक्त पुस्तकांना द्यावेत असा त्यांचा दंडक होता, आणि मला वाचनाची आवड नाही असे कोणी म्हणालाच, तर सवयीने आवड लावून घे नाहीतर आपल्या जुन्या धंद्याला परत जा, असे त्याला सुनावण्याची तयारी होती. पाच तासांचा आग्रह मी धरणार नाही. आजच्या पाळकाला झोपेलाही तेवढा सलग वेळ मिळेल की नाही, याची शंका आहे. पण जे वचन दीक्षेच्या दिवशी वेदीपुढे दिले गेले, त्याची आठवण करून देण्याचा अधिकार साध्या सभासदालाही आहे, असे मी समजतो.

अभ्यास थांबला की नेमके काय बिघडते, ते एका लहानशा प्रसंगावरून सांगतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात आठव्या वचनानंतर आजच्या बहुतेक अभ्यासू आवृत्त्यांत एक टीप किंवा कंस असतो, कारण त्यापुढची ९ ते २० ही वचने चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. तरुणांच्या बायबल अभ्यासात एखादी विद्यार्थिनी त्या टिपेवर बोट ठेवून विचारते की हे पुढचे कोणी लिहिले, आणि ते देवाचे वचन आहे की नाही. यावर ‘टिपा वाचत बसू नका, वचन वाचा’ असे उत्तर एका पाळकाने दिलेले मी ऐकले आहे. उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता, आळशीही नव्हता. फक्त त्या टिपेशी त्याची स्वतःची कधी गाठच पडली नव्हती, आणि हे उघड झाले तर आपला मान जाईल असे त्याला वाटत होते. मुलगी गप्प बसली. तिला त्या रात्री मोबाइलवर उत्तर मिळाले असणार, आणि चर्चने ही गोष्ट दडवून ठेवली असे आवेशाने सांगणाऱ्या एखाद्याकडूनच मिळाले असणार, अशी मला भीती आहे.

खरे तर चर्चने यात काहीही दडवलेले नाही. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात चर्चचा इतिहासकार युसेबियस याने अचूक समजल्या जाणाऱ्या प्रती आठव्या वचनाशी संपतात हे लिहून ठेवले होते, पुढे बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम यानेही तीच गोष्ट नोंदवली. म्हणजे ज्या प्रश्नाने पाळक गडबडला, तो प्रश्न चर्चच्या स्वतःच्या घरातला आहे आणि त्याचे वय सोळाशे वर्षांहून अधिक आहे. हे माहीत असलेला पाळक त्या मुलीला शाबासकी देऊ शकला असता. योहानाच्या आठव्या अध्यायातील व्यभिचारी स्त्रीच्या गोष्टीलाही अशीच टीप आहे, ती का आहे, आणि तरीही चर्चने ती गोष्ट का जपली, यावर संध्याकाळ रंगवू शकला असता. माहीत नसलेला पाळकही ‘मला याची नीट माहिती नाही, पुढच्या आठवड्यात पाहून सांगतो’ एवढे म्हणू शकला असता, आणि खरोखर पाहून सांगितले असते तर ते उत्तर पहिल्या उत्तराहून कमी किमतीचे ठरले नसते. शिकणे सोडलेल्या माणसाला हे वाक्यच उच्चारता येत नाही, कारण पुढच्या आठवड्यापर्यंत कुठे पाहायचे हेच त्याला आता ठाऊक नसते. मग तो प्रश्नालाच अविश्वास ठरवतो. १९४७पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाचे पुस्तक मिळाले, आणि ते तोवर ज्ञात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुने निघाले. त्या वाळवंटातल्या शोधाला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली, तरी त्याचा साधा उल्लेखही ज्यांच्या उपदेशात कधी आला नाही, असे व्यासपीठ शोधायला फार दूर जावे लागत नाही.

पाळकांना वेळ नसतो, हे मला मान्य आहे, आणि त्याचा दोष मी आधी आम्हा सभासदांच्या पदरात घालतो. वार्षिक सभेपुढे येणाऱ्या अहवालात बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी, घरभेटी, जमलेली वर्गणी आणि छपराच्या दुरुस्तीचा खर्च यांचे आकडे असतात. वर्षभरात पाळकाने काय वाचले, कशाचा अभ्यास केला, त्याच्या कोणत्या मताला धक्का बसला, याविषयी एक ओळ नसते आणि ती नाही म्हणून कोणी हात वर करत नाही. सकाळी दहा वाजता पाळक पुस्तक घेऊन बसलेला दिसला, तर ‘आज मोकळे दिसता’ असे आपण हसत हसत म्हणतो, आणि त्या हसण्यातला टोमणा त्याला बरोबर समजतो. तोच पाळक त्या वेळी समितीच्या बैठकीत खुर्च्यांच्या रंगावर चर्चा करत असता, तर तो कामात आहे असे आपण म्हटले असते.

या संदर्भात मिलानचे बिशप अँब्रोझ यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ३७४ साली ते त्या प्रांताचे शासकीय अधिकारी होते, त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता, आणि लोकांनी त्यांनाच बिशप म्हणून निवडले. मग घाईघाईने बाप्तिस्मा आणि लगोलग दीक्षा. आपण शिकण्याआधीच शिकवू लागलो आणि म्हणून आपल्याला शिकणे व शिकवणे एकाच वेळी करावे लागणार, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे थोर धर्मशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या ऑगस्टीनने त्यांच्या घरातले जे चित्र रेखाटले आहे, ते प्रत्येक समितीने एकदा नीट पाहावे. बिशपांच्या दाराशी कोणाला अडवले जात नसे, आलेल्याची वर्दीही द्यावी लागत नसे. आत गेलेल्याला ते मनातल्या मनात वाचताना दिसत, नजर पानावरून फिरत असे आणि आवाज मात्र नसे. लोक बराच वेळ शांत बसून राहत आणि त्या तल्लीनतेत व्यत्यय नको म्हणून उठून जात. ऑगस्टीनच्या या आठवणीत थोडी खंतही आहे, कारण त्याला विचारायचे पुष्कळ होते आणि बिशपांना मोकळा वेळ असा मिळतच नव्हता. त्यामुळे हे चित्र निव्वळ गौरवाचे नाही, हेही मान्य करायला हवे. पण अँब्रोझ यांच्या मंडळीने आपल्या बिशपाला वाचताना पाहिले होते, आणि त्या घरात शांत बसून उठून जाणाऱ्यांतलाच एक पुढे स्वतः बिशप झाला.

त्या ऑगस्टीननेही वृद्धापकाळी, ४२६-४२७च्या सुमारास, आपले नव्वदहून अधिक ग्रंथ पुन्हा समोर घेतले आणि कुठे आपण चुकलो, कुठे घाईने बोललो, कुठे मत बदलले, याची ग्रंथवार नोंद करून ठेवली. तोवर त्याचा शब्द साऱ्या पाश्चात्त्य चर्चमध्ये प्रमाण मानला जात होता, आणि ते काम त्याच्यावर कोणी लादलेले नव्हते. तीन-चार वर्षांत त्याचे निधन झाले. आपल्याकडे निवृत्त होताना निरोप समारंभ होतो, शाल दिली जाते, गुणगौरवाची भाषणे होतात. आपल्याच उपदेशांची अशी तपासणी करून गेलेला नेता मात्र माझ्या ऐकिवात नाही.

शास्त्रातही पुढाऱ्यांचे शिकणे लपवलेले नाही. यापो येथे पेत्राला दृष्टान्तात यहुदी नियमाने निषिद्ध असलेले प्राणी खायला सांगितले गेले, तेव्हा ते त्याला लगेच पटले नाही. त्याने नकार दिला, तीनदा तेच घडले, आणि कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पोहोचल्यावर, कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हा त्याचा अर्थ त्याला उलगडला. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते पुढचे. परक्यांच्या घरी जेवल्याबद्दल यरुशलेमात त्याच्यावर टीका झाली, तेव्हा प्रेषित म्हणून आपला अधिकार पुढे करून त्याने टीकाकारांची तोंडे बंद केली नाहीत. आपले मत कसे बदलले, ते त्याने अगदी आरंभापासून क्रमाने त्यांना सांगितले. अपुल्लो वक्ता होता, शास्त्रात प्रवीण होता, तरीही प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या दांपत्याने त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, आणि त्याने तो ऐकून घेतला. उपदेश संपल्यावर पाळकाला बाजूला घेऊन काही सांगण्याची आज किती सभासदांची, त्यातही स्त्रियांची, छाती होईल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

अभ्यास म्हणजे केवळ शास्त्राची भाष्ये नव्हेत, हेही स्पष्ट केले पाहिजे. पृथ्वी, आकाश, ग्रहताऱ्यांची गती यांविषयी ज्याला खरी माहिती आहे अशा अविश्वासी माणसासमोर ख्रिस्ती मनुष्य शास्त्राच्या नावाने वाटेल ते बरळू लागला तर ती लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि जे त्याला स्वतः पडताळता येते त्यात आपण चुकलेले दिसलो तर पुनरुत्थानाविषयीचे आपले म्हणणे तो का मानील, असे ऑगस्टीनने बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकावरील भाष्यात बजावले आहे. विसाव्या शतकातले एक उदाहरण याच्या दुसऱ्या बाजूचे आहे. जॉर्ज लेमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू. प्रसरण पावणाऱ्या विश्वावरचा त्यांचा निबंध १९२७चा. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विश्वविज्ञानात निर्मितीच्या शिकवणीला दुजोरा मिळतो असा सूर लावला, तेव्हा स्वतः लेमेत्र यांना तो सांधा मान्य नव्हता. भौतिकशास्त्राच्या सिद्धान्तावर विश्वासाचा डोलारा उभारू नये, कारण सिद्धान्त उद्या बदलू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो सूर पुन्हा लावला नाही. आपल्याच घरातल्या जाणकाराचे ऐकणे, हाही अभ्यासच आहे.

आणि असे जाणकार प्रत्येक मंडळीत दर रविवारी समोर बसलेले असतात. परिचारिका, वकील, हिशेबनीस, शिक्षिका, मानसोपचारतज्ज्ञ, संगणकावर काम करणारी तरुण मुले. पाळक त्यांच्याकडून देणगी मागतो, संडे स्कूलसाठी वेळ मागतो, क्वचित कोणाकडून काही शिकायला मागतो. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेला मुलगा पाळकाला विचारतो की बाबांचा श्वास आता यंत्रावर चालला आहे, ते यंत्र काढायला हो म्हटले तर ते पाप होईल का. त्या क्षणी ग्रंथ उघडायला वेळ नसतो. यंत्र काय करते, मरण लांबवणे आणि मरण आणणे यांत ख्रिस्ती नीतिशास्त्राने कोणता भेद केला आहे, डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारला पाहिजे, याचा विचार त्या पाळकाने आधीच, निवांतपणी, मंडळीतल्या एखाद्या डॉक्टरबरोबर बसून केलेला असला तरच त्याच्या तोंडून त्या मुलाला आधार वाटेल असे काही निघेल. नाहीतर तो खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करील, आणि ती प्रार्थना मोलाची असली तरी मुलाचा प्रश्न तिथेच राहील. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला गोळ्या बंद करून अधिक विश्वास ठेवायला सांगणारा सल्ला तर जिवावर बेतू शकतो, आणि तो देणाऱ्याचा हेतू बहुधा निर्मळ असतो. निर्मळ हेतूने अज्ञानाची भरपाई होत नाही.

यावर काही वचने माझ्यापुढे ठेवली जातील, याची मला कल्पना आहे. पेत्र आणि योहान निरक्षर व सामान्य होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे. खरे आहे, पण त्याच वचनात ते येशूच्या सहवासात होते असेही लिहिले आहे, आणि तो सहवास म्हणजे प्रश्न विचारण्यात, उलटे प्रश्न ऐकण्यात आणि वारंवार चुकण्यात गेलेली वर्षे होती. ज्ञान फुगवते, असे पौल करिंथकरांना लिहितो. तेही खरे, पण अज्ञानही काही कमी फुगवत नाही, फक्त त्याची फुगवट ओळखू यायला वेळ लागतो. काय बोलावे याची चिंता करू नका, त्या घटकेस तुम्हांला सुचवले जाईल, हे वचन येशूने अधिकाऱ्यांपुढे ओढून नेल्या जाणाऱ्या शिष्यांना दिले होते; शनिवारी रात्री इंटरनेटवरून तयार उपदेश उतरवून घेणाऱ्याला नाही. आणि याच पौलाने तुरुंगातून, आपला अंत जवळ आला हे जाणून, आपला तरुण सहकारी तीमथ्य याला निरोप धाडला की येताना त्रोवसात राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषेकरून चर्मपत्रे घेऊन ये. झगा थंडीसाठी हवा होता. चर्मपत्रांवर नेमके काय होते ते पत्रात नाही, पण मरणाच्या दारात उभा असलेला प्रेषित काहीतरी वाचू इच्छित होता, एवढे त्यातून दिसते.

एका धोक्याचा उल्लेख न करणे मात्र प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. दर दोन वाक्यांमागे एक ग्रीक शब्द फेकणारा, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाची नावे घेत उपदेश लांबवणारा आणि सभासदांना त्यांच्या अडाणीपणाची जाणीव करून देणारा विद्वान पाळकही आपण पाहिलेला आहे, आणि त्याच्यापेक्षा साधा, कमी वाचलेला, पण माणसांवर जीव लावणारा पाळक मंडळीला हवासा वाटला तर त्यात नवल नाही. विद्वत्ता मिरवणे वेगळे आणि कुतूहल जिवंत असणे वेगळे. पहिल्याला ऐकणारे लागतात, दुसऱ्याला विचारणारे आवडतात. मी दुसऱ्याविषयी बोलत आहे, आणि ते पदव्यांवर अवलंबून नसते.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. संस्कृतातल्या पांडित्यासाठी त्यांचा गौरव तारुण्यातच झाला होता. मुक्ति मिशनमधल्या शेकडो स्त्रियांचा आणि मुलींचा संसार त्यांच्या एकटीच्या शिरावर होता. अभ्यास न करण्याची एवढी सबळ सबब फार थोड्यांकडे असेल. तरीही त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि कमी शिकलेल्या स्त्रीलाही वाचून समजावे म्हणून साध्या मराठीत सबंध बायबलचे भाषांतर हाती घेऊन आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे त्यांनी त्याला दिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी ते काम पुरे झाले होते.

आता प्रत्यक्ष काय करावे याविषयी. पाळकाच्या आठवड्यातील एक अर्धा दिवस अभ्यासाचा म्हणून समितीने ठरावाने राखून ठेवावा, आणि अंत्यविधी किंवा गंभीर आजार यांखेरीज त्या वेळी कोणी त्याला हाक मारू नये. अंदाजपत्रकात पुस्तकांसाठी स्वतंत्र रक्कम असावी. फुलांसाठी असते, तर पुस्तकांसाठी असायला हरकत नसावी. काही वर्षांनी एकदा सलग काही आठवड्यांची अभ्यासरजा मिळावी आणि ती सुट्टीत धरली जाऊ नये. महिन्यातून एकदा उपासनेनंतर प्रश्नोत्तरांची बैठक व्हावी, जिथे ‘माहीत नाही’ हे उत्तर चालेल, मात्र ते पुढच्या बैठकीपर्यंतच चालेल. बिशपांनी मंडळीच्या भेटीला आल्यावर वह्या आणि हिशेब तपासण्याआधी पाळकाला सध्या काय वाचता असे विचारावे, आणि त्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आधी स्वतःचे उत्तर द्यावे. ज्यांच्या हाती बदल्या आणि नेमणुका आहेत, त्यांनी अभ्यासू पाळकाला कार्यालयाच्या कामाला जुंपून टाकण्याची सवय सोडावी. चांगल्या अक्षराच्या माणसाला जन्मभर कारकुनी करायला लावण्यासारखेच ते आहे.

ज्या लहान मंडळ्यांना एकट्याने हे परवडणार नाही, त्यांच्याकडे सर्वांत आधी लक्ष दिले जावे, कारण एकटेपणात कुतूहल लवकर मरते. शेजारच्या तीन-चार मंडळ्यांच्या पाळकांनी, संप्रदाय वेगळे असले तरी, महिन्यातून एकदा एकत्र बसून एकच पुस्तक वाचावे. निवृत्त पाळकांच्या घरी धूळ खात पडलेले ग्रंथ धर्मप्रांताने मागून घेऊन त्यांचे फिरते ग्रंथालय करावे. सेमिनरींनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयाचे दार आणि शक्य तिथे ऑनलाइन वर्ग विनाशुल्क उघडे ठेवावेत. यातले काहीच अशक्य नाही आणि कशालाही नव्या घटनेची गरज नाही. आपल्या समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि यातले काय जमेल व काय जमणार नाही ते कारणांसह मंडळीला कळवावे, ही विनंती.

आपला,
मंडळीचा एक सभासद